आधी एडका बघायचा

गोजाबाईचा फोन आला तेव्हा धनाजी जेवत होता आणि पूनम तव्यावरची भाकरी उलटत होती. धनाजीनं फोन ताटाशेजारी ठेवून आवाज मोठा केला होता. त्यामुळं सासूचा शब्द न् शब्द पूनमला ऐकू येत होता.

"रविवारी दोघंबी गावाकडं या. भावकी बसणार हाय. तिच्या बापालाबी सांगावा धाडलाय. तीन वर्सं वाट बघितली, आता लई झालं. एका रानात उगवंना म्हणल्यावर माणूस दुसऱ्या रानात पेरतोच की."

पूनमचा हात तव्यावरच थांबला. धनाजी आता काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्यानं घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "व्हय आये, येतो." मग फोन बंद केला.

"व्हय कशाला म्हणला?" पूनमनं विचारलं.

"मग काय म्हणू?"

"डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते म्हणायचं."

"फोनवर? आयला?"

"समोर सांगता व्हय मग? रविवारी?"

धनाजीनं मान खाली घातली आणि आमटीत भाकरी कुस्करायला लागला. तव्यावरची भाकरी करपली होती. पूनमनं ती तशीच त्याच्या ताटात टाकली आणि गॅस बंद केला. तिला त्या रात्री भूक नव्हती.

धनाजी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होता. पूनम तिथल्याच दुसऱ्या एका शेडमध्ये टॉवेलच्या कडा शिवायची. धनाजीचे आईवडील, गोजाबाई आणि गुंडा, मंगळवेढ्याच्या पलीकडं गावाकडं राहायचे. गुंडाकडं मेंढरांचं मोठं खांड होतं आणि त्या भागात मेंढरांतलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही असा त्याचा लौकिक होता.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष बरं गेलं. नंतर हळूहळू धनाजी तिच्यापासून दूर सरकायला लागला. जवळ यायचा, पण शरीर साथ द्यायचं नाही. आधी तो म्हणाला, पाळीचं काम आहे, दमायला होतं. मग म्हणाला, उन्हाळा आहे. मग काही म्हणेनासाच झाला. भिंतीकडं तोंड करून झोपायचा, आणि पूनमनं खांद्यावर हात ठेवला तर तो झिडकारायचा. तिनं कधी हिणवलं नव्हतं. एकदा फक्त म्हणाली होती, "दवाखान्यात जाऊया का?" त्यावर तो दोन दिवस बोलला नाही.

त्यानंतर जत्रेला गावी गेले असताना धनाजीनं तिला बिरोबाच्या देवळात नेलं आणि देवापुढच्या परातीतला भंडारा उचलायला लावला. "खोलीतलं खोलीच्या भाईर जाणार न्हाय," एवढंच तिनं म्हणायचं होतं. भंडारा म्हणजे हळदच, पण देवापुढं तो मुठीत घेऊन दिलेला शब्द धनगराच्या घरात कुणी मोडत नाही. मोडला तर मेंढरं मरतात, वंश बुडतो, असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. पूनमनं भंडारा उचलला. नवऱ्याची लाज राखायची, यात तिला काही वावगं वाटलं नाही. त्या मुठीनं आपलंच तोंड बंद होणार आहे आणि बाकी सगळ्यांची तोंडं मोकळी राहणार आहेत, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

आणि ती तोंडं सुटली. गोजाबाईनं तिला देवरुषाकडं नेलं. त्यानं तिच्या पोटावर राख फासली आणि मंगळवारचे उपास सांगितले. चुलत जावेच्या डोहाळजेवणाला तिला स्वयंपाकाला बोलावलं, पण ओटी भरायची वेळ आली तेव्हा "तू मागं ऱ्हा" म्हणून हात धरून बाजूला केलं. बारशाला तिनं बाळ मांडीवर घेतलं तर कुणाच्यातरी आजीनं ते उचलून नेलं, आणि नेताना बाळाच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं. धनाजी तिथंच दारात उभा होता. त्यानं बघितलं आणि चपला घालून बाहेर निघून गेला.

घरी आल्यावर पूनम म्हणाली, "तुमी बघितलं की."

"म्हातारी बाई हाय ती. मनावर घिऊ नको."

मनावर घेऊ नको. तो हे सहज म्हणाला.

महामार्गाच्या कडेला राहुटी ठोकून बसलेल्या एका जडीबुटीवाल्याकडून धनाजी पुड्या आणत होता हे तिला ठाऊक नव्हतं. ते कळलं तो माग चालू असताना चक्कर येऊन पडला तेव्हा. नशीब, हात मागात गेला नाही. शेडमधल्या लोकांनी त्याला जवळच्या डॉक्टरकडं नेलं, तिथं रक्तातली साखर तपासली, ती भलतीच वाढलेली निघाली, आणि त्या डॉक्टरनं त्यांना सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी धनाजीच्या खिशातली पुडी टेबलावर ठेवायला लावली. "हे कशासाठी घेत होता?" त्यांनी विचारलं. धनाजी गप्प. त्यांनी पूनमकडं बघितलं. पूनमही गप्प. तिनं भंडारा उचलला होता.

"बरं, मीच सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताठरता येत नाही, किंवा आली तरी टिकत नाही. म्हणून घेत होता. बरोबर?"

धनाजीनं कशीबशी मान हलवली.

"किती दिवस झाले?"

"दीड-दोन वर्सं."

"आणि लघवीला रात्री उठावं लागतं? तहान लागते? मावा खाता?"

"व्हय," तो तिन्हीला म्हणाला.

"तुमच्याकडं डाळिंबाची बाग आहे का कुणाची? ठिबक बघितलंय?"

धनाजीला वाटलं, बाई विषय बदलतायत. त्याला बरं वाटलं. "मामाची हाय बाग."

"ठिबकच्या नळीत क्षार धरला की काय होतं?"

"झाडाला पाणी जात न्हाय."

"आणि आधी कुठली नळी तुंबते, जाड का बारीक?"

"बारीक."

"तसंच आहे हे. ताठरता येते ती रक्तानं. त्या अवयवाकडं रक्त नेणाऱ्या नळ्या शरीरातल्या बारीक नळ्यांपैकी असतात. साखर वाढलेली राहिली, तंबाखू चालू राहिली, की नळ्या आतून खराब होतात आणि निरोप नेणाऱ्या नसाही बधिर होतात. बारीक नळीला आधी कळतं, हृदयाच्या नळीला मागाहून. म्हणजे ही तक्रार तुम्हाला आधीच हाक मारत होती, आणि तुम्ही तिचं तोंड दाबून पुड्या खात बसलात. या पुड्यांत कधी कधी दवाखान्यातलीच गोळी मोजमाप न करता कुटून घातलेली असते. रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. परवा तुम्ही कशानं पडलात ते मी छातीठोक सांगू शकत नाही, पण ही पुडी आजपासून बंद."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्या चिडल्या होत्या हे पूनमला दिसलं. आपल्याशिवाय आणखी कुणीतरी चिडलेलं आहे हे बघून तिला दोन वर्षांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

मग बाईंनी सगळं एकेक करून सांगितलं. साखरेचं औषध रोज. मावा बंद. पाळी सुटल्यावर चालणं आणि पुरेशी झोप. हृदयाची पट्टी म्हणजे ईसीजी काढून, रक्तदाब बघून ताठरतेची गोळी त्या स्वतः लिहून देतील. ती गोळी रक्ताची वाट मोकळी करते, पण मनात ओढ नसेल तर नुसत्या गोळीनं काही होत नाही. छातीत दुखण्यावरची काही औषधं असतात, त्यांच्याबरोबर ती कधीच घ्यायची नाही, जिवावर बेतू शकतं. एवढ्यानं जमलं नाही तर इंजेक्शन आहे, पंप आहे, अजून वाटा आहेत. आणि एकदा फसलं की पुढच्या वेळी भीतीनंच फसतं, म्हणून नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं.

"पोर व्हईल का?" धनाजीनं विचारलं.

"तो वेगळा प्रश्न. हे जमत नाही म्हणजे बीज नाही, असं नसतं. पण जवळच गेला नाहीत तर पोर कुठून होणार? यांचा काय दोष?"

"यांचा" म्हणताना बाईंनी पूनमकडं बोट केलं. धनाजीनं तिकडं बघितलं नाही.

औषध सुरू झालं. धनाजीनं मावाही सोडला, चिडचिड करत का होईना. साखर उतरायला लागली. पुढं बाईंनी ती दुसरी गोळीही लिहून दिली, आणि ती लागू पडत होती. हे आता दोघांनाही माहीत होतं. पूनमला वाटलं, आता हा आपल्या आईला सांगेल. निदान एवढं तरी म्हणेल की तिच्यात काही खोट नाही. आठवडे गेले. तो बोलला नाही. आणि मग फोन आला, आणि तो "व्हय" म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी पूनमनं त्याला सरळ विचारलं.

"उद्या भावकीत तुमी काय बोलणार हाय?"

"बघू की. सगळी शांत झाली म्हंजे..."

"मला सोडून दुसरी करा म्हणत्याल. मग?"

"मी न्हाय म्हणंन."

"का न्हाय म्हणून इचारत्याल. मग?"

तो उठून दार लावून आला.

"आन दुसरी केली तरी तिच्यासंगं ह्याच गोळ्या खायच्या हायत्या. तिलाबी भंडारा उचलायला लावणार व्हय?"

"हळू बोल. शेजारी ऐकत्याल."

पूनमनं हातातलं भांडं मोरीत आदळलं. शेजाऱ्यांनी तेवढंच ऐकलं.

रविवारी बिरोबाच्या देवळापुढच्या लिंबाखाली ताडपत्री अंथरली होती. भावकीतली माणसं बसली होती, मधोमध कुंडलिक. तो गुंडाचा थोरला चुलतभाऊ, आणि भावकीत शब्द त्याचा चालायचा. बायका देवळाच्या पायरीशी होत्या. पूनमचा बाप महिपती टेंभुर्णीजवळच्या गावाहून मोटारसायकलवर आला होता. तो ताडपत्रीच्या कडेला, अंग चोरून बसला होता. त्याला तसं बसलेलं बघून पूनमचे कान गरम झाले. काही चुकलेलं नसताना या माणसानं असं का बसावं?

कुंडलिकनं घसा खाकरला. "पाव्हणं, तुमच्या लेकीला आमी कायबी कमी केलं न्हाय. पर घराला दिवा पायजे. गुंडाला येकच पोरगा. समजुतीनं घ्या, लेक घिऊन जावा. भांडण न्हाय, तंटा न्हाय."

"माजी लेक काय म्हणती ते तर इचारा," महिपती म्हणाला. आवाज फुटत नव्हता.

"ती काय म्हणणार?" गोजाबाई पायरीवरून बोलली. "देवरुषी झालं, उपास झालं. हिच्या अंगालाच काय लागत न्हाय."

"तिनं आदीचं कायतरी लपवलं आसंल," मागून कुणीतरी पुटपुटलं. "भंडारा उचलू द्या की तिला. खरंखोटं हितंच हुईल."

दोघातिघांनी माना डोलवल्या. कुणीतरी आतून भंडाऱ्याची परात आणून ताडपत्रीवर ठेवली. पूनम पायरीवरून उठून पुढं आली. धनाजी गुंडाच्या मागं बसला होता आणि ताडपत्रीचा धागा ओढत होता.

"मी भंडारा आधीच उचललाय," पूनम म्हणाली. "ह्याच देवळात. गप बसायचा. त्यामुळं मी काय सांगणार न्हाय. मामांना थोडं इचारायचं हाय, तेवढं इचारू द्या."

सून भावकीत सासऱ्याला प्रश्न विचारणार, हे कुणाला रुचलं नाही. पण गप्प बसायचा भंडारा म्हणजे काय, हे कळेना म्हणून सगळे थांबले. कुंडलिक म्हणाला, "इचार."

"मामा, मेंढ्यांचा हंगाम आला आन खांडातल्या मेंढ्या गाभण राहिल्या न्हाईत, तर तुमी आधी काय करता?"

लोक हसले. एकजण म्हणाला, "भावकीत बसलीय का बाजारात?" पण गुंडाला मेंढरांचं विचारलं की त्याला राहवायचं नाही. तो जागेवर सावरून बसला.

"आधी एडका बघायचा."

"मेंढ्या न्हाय बघायच्या?"

"आगं, समद्या मेंढ्या येकदम कशा बिघडतील? आधी एडका. त्यो मेंढीवर जातोय का न्हाय ते बघायचं."

"जात नसला तर?"

"तर त्याचं खूर बघायचं. खुरात सडलं आसंल तर मागल्या पायावर उभा ऱ्हात न्हाय. जंत झालं आसत्याल, वाळला आसंल. उन्हाच्या कहारात एडका गळाटतो, त्याला सावलीला बांधायचा. हरबऱ्याचा भरडा चारायचा, जंताचं पाजायचं. न्हायच जमलं तर गुरांच्या डॉक्टरला बोलवायचं. त्यात लाजायचं काय? चांगला एडका हुतो परत. मी कितीक केल्यात."

"आन तवर मेंढी इकून टाकली तर?"

"मेंढी?" गुंडा हसला. "एडका बघायच्या आधी मेंढी इकणारा धनगर येडा म्हणायचा. तिचं काय..."

तो थांबला. वाक्य तोंडातच राहिलं. कुंडलिकनं खाली बघितलं. मागं हसणारा माणूस हसायचा थांबला होता. पायरीवरच्या बायकांत मात्र कुणीतरी पदर तोंडाला लावला आणि तो हसू दाबायलाच होता, हे सगळ्यांना कळलं.

"मला तेवढंच इचारायचं हुतं," पूनम म्हणाली.

गुंडाचा चेहरा काळाठिक्कर पडला. "माणसात आन जनावरात फरक आसतो, पोरी."

"व्हय मामा. जनावराला तुमी डॉक्टर आणता."

"धनाजी," गुंडा मागं न बघता म्हणाला. "काय म्हणतीय ही?"

ताडपत्रीचा धागा धनाजीच्या बोटाला गुंडाळला होता, बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. पूनमनं त्याच्याकडं बघितलं. आता हा उठून चपला घालून गेला तर आपण पुन्हा याचं तोंड बघायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवलं.

"दोष माजा हाय," धनाजी म्हणाला.

"मोठ्यानं बोल," महिपती म्हणाला. आज पहिल्यांदा त्याचा आवाज नीट निघाला होता.

"दोष माजा हाय. मला साखर झालीय. त्यामुळं... माझ्याकडनं हुत नव्हतं. दोन वर्सं. औषध चालू हाय आता, फरक हाय. तिला भंडारा मीच उचलायला लावला हुता. तिच्यात काय खोट न्हाय."

गोजाबाईनं कपाळाला हात लावला. "चारचौघांत बोलायची गोष्ट हाय का ही? तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाय."

"आत्या, बारशात माझ्या मांडीवरनं पोर उचललं तवा चारचौघं न्हवती व्हय?"

गोजाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. गुंडा मात्र उठून उभा राहिला. "तू मला लोकांत फशिवलंस. घरात सांगितलं आसतंस तर..."

"तुमी मला लोकांतच सोडणार हुता की, मामा."

मग कुंडलिकनं सगळ्यांच्या वतीनं सुस्कारा टाकला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "चला. झालं ते झालं. पोरगा औषध खातोय म्हणल्यावर प्रश्न मिटला. पोरीनं गुमान नांदायला जावं. महिपती, तुमीबी जेवून जावा."

सगळ्यांना बरं वाटलं. दोघेजण उठून धोतर झटकायलाही लागले. पूनमला मात्र आत्तापर्यंत आला नव्हता इतका राग आला. मघाशी यांनीच तिला घराबाहेर काढलं होतं. आता यांनीच आत घातलं. दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मी जात न्हाय," ती म्हणाली.

"आता काय?" कुंडलिक वैतागला.

"आता कायबी न्हाय. मी माज्या बापासंगं जाणार. नांदायचं का न्हाय ते मी ठरवीन, आन मला इचारायला धनाजी एकटा येईल. आई न्हाय, बाप न्हाय, भावकी न्हाय."

नवऱ्याचं नाव तिनं चारचौघांत घेतलं, तेही एकेरी. बायकांत कुजबुज झाली. धनाजीनं वर बघितलं, पण तो रागावलेला दिसला नाही.

महिपती जेवायला थांबला नाही. त्यानं मोटारसायकल वळवून रस्त्याला लावली. पूनम मागं बसणार तेवढ्यात धनाजी देवळाकडून चालत आला आणि दोन हात अंतरावर थांबला.

"सकाळची साखरेची गोळी खाल्ली का?" पूनमनं विचारलं. विचारल्यावर तिचा तिलाच राग आला.

"न्हाय. गडबडीत राहिली."

"मग जेवा आन खावा."

"मी येऊ का टेंभुर्णीला? पुढल्या आठवड्यात?"

"या. तवा बोलू." ती बापाच्या मागं बसली आणि पदर कमरेला खोचला. "आन येताना बोलायचं काय ते ठरवून या. मी हितनं पुढं तुमच्या वाटचं बोलणार न्हाय."

महिपतीनं किक मारली. गाडी पहिल्यांदा लागली नाही. तो पुन्हा किक मारेपर्यंत पूनम सरळ रस्त्याकडं बघत बसली, आणि धनाजी तिथंच उभा राहिला.